कॉलरीतले तारे

तुमच्या अंगावरच्या शर्टाची कॉलर उलटी केली, तर आत तुमची लायकी किती लिहिलेली सापडेल? हसू नका. आमच्या गल्लीत ती लिहिलेली असायची. बिब्ब्याच्या काळ्या रसात लिहिलेली, त्यामुळे शर्ट फाटला तरी ती जायची नाही.

लिहिणारे गृहस्थ भिवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्री करायचे. एका शेठच्या गोदामाची भिंत, भिंतीला टेकवलेलं लाकडी टेबल, त्यावर घोंगडी, वर ताडपत्री आणि कोळशाची पितळी इस्त्री. भिंतीत खिळा, खिळ्याला ‘इस्त्री’ असं रंगवलेली पत्र्याची पाटी. सगळे त्यांना जनरल म्हणत. पोरं जनरलकाका म्हणत, शेठ नुसतंच ‘ए जनरल’ म्हणे.

कपड्यांचं गाठोडं समोर आलं की ते प्रत्येक शर्टाची कॉलर उलटी करून बघायचे, आणि मग ठरवायचे की कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर. कोणी कुरकुरलं की ठरलेलं उत्तर मिळायचं.

“पयले हुद्दा, मंग मानूस.”

लष्करात त्यांचा स्वतःचा हुद्दा काय होता, हे विचाराल तर सांगतो. काहीच नव्हता. अकरा वर्षं ते एका साहेबाचे अर्दली होते, कपडे-बूट सांभाळणारे. साहेब ब्रिगेडियर असताना ह्यांची नेमणूक झाली. मग साहेब मेजर जनरल झाले, मग लेफ्टनंट जनरल झाले. साहेब चढत गेले आणि हे इस्त्रीपाशी राहिले. पण सांगताना असं सांगायचे की जणू साहेबांना बढत्या ह्यांनीच दिल्या.

“वरच्या साहेबांच्या कॉलरीवर लाल पट्टी असती. ब्रिगेडियरला एक तारा, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन. तिन्ही येळा तारे मीच लावले. ह्या हातानं.”

हात पुढे करायचे. बोटांची टोकं बिब्ब्यानं उतून काळी पडलेली असायची.

“आणि चार?” आम्ही मुद्दाम विचारायचो.

“चार एकालाच. साऱ्या लष्करात एकच जनरल. आमच्या साहेबांचा नंबर व्हता. दुसऱ्याला दिला.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातलं लग्न मोडलंय.

साहेबांना चौथा तारा मिळणारच, म्हणून ह्यांनी तो आधीच आणून ठेवला होता. पितळेचा, नखाएवढा. चुन्याच्या डबीत ठेवलेला असायचा. रोज संध्याकाळी राखेनं घासायचे. नेमणूक हुकली, साहेब घरी गेले, हे भिवंडीत आले, तरी तारा चकचकीत.

जी शिडी लष्करात पाहिली तीच त्यांनी आमच्या गल्लीला लावली. गोदामाचे मालक आणि पन्नासेक लूमचे धनी असलेले शेठ, त्यांच्या कॉलरीत आतून तीन तारे. नगरपालिकेचे मेंबर, दोन. हेडमास्तर, एक. सुई बिब्ब्याच्या रसात बुडवून तारा काढायचा, वर चुना लावायचा, झालं. लूमवर शिफ्ट करणारे, हातगाडीवाले, माझे वडील, मी, आम्ही सगळे बिनताऱ्याचे. आमच्या कॉलरीत नुसता एक ठिपका.

“चार तारे कोणाला?”

“जागा खाली हाय. आपल्या इलाक्यात अजून तसा मानूस झाला न्हाय.”

करीमभाई लूम दुरुस्त करायचा. कोकणी मुसलमान, तीन पिढ्या भिवंडीत. जीभ कात्रीसारखी. येता-जाता एकच विचारायचा, “क्या जनरल, आमची बढती कधी?”

“तू आधी शर्टाची बटनं लाव.”

एका ईदच्या सकाळी करीमभाईचा कुर्ता टेबलावर होता. एक बाही झाली, आणि शेठच्या घरून कपडे आले. जनरलनी कुर्ता उचलून बाजूला ठेवला. करीमभाई समोर उभा. नमाजची वेळ झालेली.

“दुसरी बाही?”

“तीन तारे आलेत. दिसत न्हाय?”

करीमभाई एक बाही कडक आणि एक चुरगळलेली, असा नमाजला गेला. वर्षभर तो ही गोष्ट सांगत फिरला, आणि दर वेळी चुरगळलेली बाही थोडी लांब होत गेली.

मी मात्र हसलो नाही. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर हस्तपत्रकं छापायचे. युनियनची, विहारातल्या कार्यक्रमांची, कव्वालीच्या मुकाबल्याची. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरून, त्यामुळे मला फार दिवस वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी कोणाचा तरी धिक्कार असतोच. एका फाटक्या ताडपत्रीखाली एक माणूस साऱ्या गल्लीची उतरंड लावतो, आणि गल्ली कपडे घेऊन रांगेत उभी राहते, हे मला सहन होईना. मी पत्रक लिहिलं, ‘इस्त्रीखालचा समाज’. वडिलांनी गुलाबी कागदावर पाचशे छापून दिली आणि एवढंच म्हणाले, “कागद उरलेला होता म्हणून.”

पत्रक घेऊन मी स्वतःच टेबलाजवळ गेलो. धैर्य दाखवायचं होतं ना.

जनरलनी कागद हातात घेऊन पोत बघितला. “वाच. चष्मा घरी हाय.”

आता तुम्हीच सांगा, एखाद्याच्या विरोधात लिहिलेलं त्याच्याच तोंडावर मोठ्यानं वाचायला लागलं, तर काय अवस्था होईल? मी वाचत गेलो. शेठवरचा परिच्छेद खणखणीत वाचला. हुद्द्यांवरचा वाचला. शेवटी जिथं मी त्यांना ‘साहेबाच्या बुटाला जीभ लावणारा हुजऱ्या’ म्हटलं होतं, ते वाक्य गिळलं आणि पुढे गेलो.

करीमभाई शेजारी उभं राहून दुसरी प्रत वाचत होता. “ये लाइन छोड दिया तुमने.”

“कंची?” जनरल म्हणाले.

मी वाचली. त्यांनी इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकला, तो चुरचुरला.

“बरोबर लिवलंस,” ते म्हणाले. “बूट मीच पुसायचो. फक्त वर एक चुकलंय. मेजर जनरलला तू तीन तारे दिलेस. दोन असतात.”

“मेजर लेफ्टनंटच्या वर असतो ना? म्हणजे मेजर जनरलही वरच.”

“न्हाय. नुसता लेफ्टनंट मेजरच्या खाली. पन लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर. लष्करात डोकं चालवायचं न्हाय, पाठ करायचं.”

मग त्यांनी विचारलं, किती प्रती उरल्या. दोनशे होत्या. “ठेव हितं. कागद चांगला हाय.” पुढचे दोन महिने शेठचे शर्ट शेठच्याच धिक्कारात गुंडाळून घरी जात होते. शेठनं एकदाही वाचलं नाही. माझ्या लेखनाला मिळालेला सर्वांत मोठा वाचकवर्ग तोच, आणि त्याला फक्त घडी हवी होती.

आणि मग बातमी आली. शाळेला शेठच्या देणगीतून सभागृह झालं होतं, आणि उद्घाटनाला पुण्याहून एक निवृत्त लेफ्टनंट जनरल येणार होते. नाव ऐकताच जनरलनी हातातली इस्त्री टेबलावर तशीच ठेवली. मेंबरच्या धोतराला तपकिरी डाग पडला. दोन ताऱ्यांच्या धोतराला.

“आमचे साहेब,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून गल्लीत दुसरा विषय राहिला नाही. साहेब येतील. साहेब गर्दीत मला बघतील. नावानं हाक मारतील. मग मी चौथा तारा त्यांच्या हातात ठेवीन. सरकारनं दिला न्हाय, मी देईन. रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला, ह्याच क्रमानं.

“ओळखतील का?” करीमभाईनं विचारलं. “इतके साल झाले.”

“नावानं ओळखतात मला. अकरा वर्सं हाक मारली.”

“नाही ओळखलं तर?”

जनरलनी डबीतला तारा काढून राखेनं घासायला घेतला. गल्लीनं मात्र ठरवून टाकलं. ओळखलं तर चहा जनरलकडून, नाही ओळखलं तर त्यांना पुन्हा जनरल म्हणायचं नाही. आमची गल्ली अशी दयाळू. आणि मी? मी नव्या पत्रकाचा मथळा मनात जुळवत होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी ते आले तेव्हा पँटची घडी अशी होती की हात कापावा. पांढरा शर्ट, खिशात चुन्याची डबी. सभागृहाच्या दारात समितीच्या माणसानं विचारलं, निमंत्रण? शेठनं लांबून बघितलं. “अरे, तो आपला जनरल. बरा आला. साहेबांचा कोट गाडीत चुरगळलाय. दे त्याला, दोन मिनिटांत करून आणेल.”

असा त्यांना कार्यक्रमात प्रवेश मिळाला आणि लगेच बाहेर पडायची आज्ञाही.

मी त्यांच्यामागून टेबलाकडे गेलो. खोटं कशाला बोलू, मजा बघायला गेलो. निखारे विझत आले होते, मग मीच वारा घालत बसलो. तिकडे सभागृहात लाउडस्पीकर सुरू झाला. पाहुणे साहेब शिस्तीवर बोलत होते. बारा-बारा तास लूमसमोर उभ्या राहणाऱ्यांच्या गावात शिस्त म्हणजे काय, हे सांगायला पुण्याहून माणूस आणावा लागला होता.

काकांनी कोट टेबलावर पसरला. आणि हाताला सवय, त्यांनी कॉलर उलटी केली.

इस्त्री न उचलता ते कॉलरीच्या आतून अंगठा फिरवत राहिले.

“काय झालं काका?”

“काय न्हाय. आकडा हाय.”

मी वाकून बघितलं. कॉलरीच्या आत कुठल्याशा लाँड्रीनं कापडाची चिठ्ठी टाचली होती. एकशे सात. बाकी काही नाही. तारा नाही, पट्टी नाही. एकशे सहा कोणाचा असेल, एकशे आठ कोणाचा, कोणास ठाऊक. कोणा कारकुनाचा असेल, कोणा नवरदेवाचा असेल.

“एकशे सात,” ते पुन्हा म्हणाले. मग इस्त्री उचलली. बाहीची शिवण सरळ धरून, जसं आम्हाला नेहमी सांगायचे तसंच, त्यांनी तो कोट असा केला की तसा मी पुन्हा पाहिला नाही.

आम्ही परत पोचलो तेव्हा भाषण संपत होतं. स्टेजच्या पायऱ्यांशी काका कोट उघडा धरून उभे राहिले. साहेब उतरले, न बघता हात मागे केले, कोट अंगात गेला. गुंड्या लावताना त्यांनी मान वळवली आणि चेहरा उजळला.

“अरे, बहादूर! तू इधर?”

खांद्यावर थाप मारली. काकांचा हात खिशात गेला, डबीपाशी. मी बघत होतो. तो हात तिथं थोडा थांबला, मग रिकामाच बाहेर आला आणि कपाळाशी गेला.

“जी साब.”

साहेब पुढे गेले, शेठ त्यांच्यामागे, आणि दारा-खिडक्यांशी जमलेल्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. करीमभाईनं शिट्टी मारली. “मान गए! नाव घेतलं! चहा जनरलकडून!” सगळ्यांना वाटलं, ह्यांचं नाव बहादूर.

ते त्यांचं नाव नाही, हे मला माहीत होतं. रेशनकार्डाचा अर्ज मीच लिहून दिला होता. चहाचे पैसे चुकते करून ते टेबलाकडे आले, तेव्हा मी विचारलं, “काका, बहादूर कोण?”

“माझ्या पयलेचा अर्दली. नेपाळकडचा. त्यो गेला, मी आलो. साहेबांनी नाव तेच ठेवलं.”

“अकरा वर्षं?”

“साहेबांना येळ कुठं असायचा? हाक आली की जायचं.” त्यांनी निखारे बादलीत ओतले. पाणी फसफसलं. “म्हटलं, आता घरी बसलेत. आता येळ असंल.”

माझ्या डोक्यातला मथळा तिथंच सुटा झाला, छपाईचे खिळे खणांच्या केसमध्ये परत टाकावेत तसा.

“पत्रकात माझं नाव घालू नको,” ते म्हणाले. म्हणून मी इथंही घातलेलं नाही.

पुढच्या सोमवारी शेठच्या घरी कपडे गेले आणि तिथून आरडाओरड ऐकू आली. आनंदाची. शेठनं कॉलर उलटून बघितली होती. चार तारे. शेठ संध्याकाळी चहाच्या टपरीवर येऊन उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदा. “जनरलनं शेवटी कबूल केलं. चार. सगळ्या इलाक्यात एकच,” असं म्हणत त्यानं स्वतःची कॉलर चारचौघांना वाकवून दाखवली. गोरापान मळका गळा, आणि त्याखाली चार काळे तारे.

करीमभाईनं चहाचा ग्लास ठेवला. स्वतःची कॉलर उलटी केली.

चार.

मग हातगाडीवाल्यानं बघितली. चार. हेडमास्तर घाईनं आडोशाला गेले आणि चेहरा पाडून परत आले. चार. टपरीवरच्या सगळ्यांनी माना वाकड्या करून एकमेकांच्या कॉलरी तपासल्या. घरी जाऊन मी वडिलांचा शर्ट बघितला, शाईनं भरलेला, कोपर विरलेला. चार. माझ्याही शर्टात, जुन्या ठिपक्याच्या शेजारी, चार.

शेठ टपरीवरून सरळ टेबलाकडे गेला. आम्ही मागे.

“ए जनरल, हे काय? माझ्या कॉलरीत आणि ह्या लूमवाल्याच्या कॉलरीत सारखंच?”

“तुमचा कमी न्हाय केला शेठ. एक वाढवलाच.”

“मग त्याचे काढ.”

“बिब्बा हाय. निघत न्हाय.”

करीमभाई म्हणाला, “सलाम नहीं करोगे, शेठ? की मी आधी करू?” शेठनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

मी नंतर एकटा असताना विचारलं, का केलंत? मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळेल, मोठ्या टायपात जुळवावं असं. ते बाहीची शिवण जुळवत होते.

“तारा उरला व्हता,” म्हणाले. “साहेबांना द्यायचा व्हता, दिला न्हाय. मंग कुनाला तरी द्यायलाच पायजे. वाटत बसलो. तुमची लायनच एवढी मोठी.”

एवढंच. मी पाच वर्षांत जेवढा कागद काळा केला त्यानं जे झालं नव्हतं, ते ह्या माणसानं एका रविवारी सुई आणि बिब्बा घेऊन केलं. आणि आपण जे केलं त्याला काय म्हणतात, हेही त्याला माहीत नव्हतं. हे लिहिताना मला अजून राग येतो. त्यांचा नव्हे.

आठच दिवसांत शेठला आठवलं की भिंत आपली आहे. तिथं गोदामाला नवं शटर बसवायचं आहे, टेबल उचला. मी धावत गेलो. “काका, पत्रक काढतो. पाचशे नाही, दोन हजार. सगळी गल्ली उभी करतो.”

“नको,” ते म्हणाले. “तू परत मेजर जनरलला तीन तारे देशील.”

गल्ली उभी राहिली असती का? मला शंका आहे. चार ताऱ्यांची सगळी माणसं त्या सकाळी आपापल्या शिफ्टला गेली होती. टेबल उचलायला मी आणि करीमभाई, दोघेच. गणेशपुरीच्या बाजूला त्यांचं गाव, तिथं भावाची भातशेती. एसटीच्या टपावर टेबल चढवलं. इस्त्री त्यांनी मांडीवर घेतली. गाडी सुटताना त्यांना सलाम करावा असं मनात आलं, पण असल्या गोष्टींच्या मी विरोधात होतो. करीमभाईनं केला. उजव्या हातानं, ज्या बाहीला त्या ईदला इस्त्री झाली नव्हती तिच्याच हातानं.

आम्ही परत आलो तर भिंतीतल्या खिळ्याला खाकी कापडाची खोळ लटकत होती. पाटी त्यांनी नेली होती, खोळ राहिली होती. साहेबांच्या गाडीला पुढे ताऱ्यांची पाटी असते, आणि साहेब आत नसले की तिच्यावर खोळ घालतात. जनरल जेवायला गेले की आपल्या ‘इस्त्री’च्या पाटीवर तशीच खोळ घालून जायचे.

करीमभाई खोळीकडे बघत म्हणाला, “जनरल गाडी में नहीं है.”

दोन पावसाळ्यांनी त्यांच्या भावाकडून निरोप आला की ते गेले. शटर बसलं. आता तिथं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे आणि दारातल्या वॉचमनला तिथले सगळे ‘ए बहादूर’ म्हणतात. मी विचारलं तेव्हा कळलं, त्याचंही नाव ते नाही.

म्हणून एक काम सांगतो. त्या वर्षांत तुम्ही आमच्या बाजूला राहत असाल, किंवा तुमचे वडील राहत असतील, तर आज ट्रंक उघडा आणि तळातला जुना शर्ट काढून कॉलर उलटी करा. एक, दोन किंवा तीन तारे सापडले, तर तो सोमवारच्या आधीचा माल आहे, त्यानं खुशाल सायकल पुसा. चार सापडले, तर मात्र त्याचं फडकं करू नका. घडी घालून ठेवा. बाहीची शिवण सरळ धरून. दोन्ही बाह्यांची.